गोणी लाथ मारत नाही

अंगठा मोडला तेव्हा मामंजींनी शिवी दिली नाही, आणि यावरूनच घरच्यांना कळलं की अंगठा खरोखरच मोडलाय. एरवी हा माणूस डास चावला तरी डासाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्या दिवशी मोठ्या कळपातला शिंगाळ एडका फाटकातून उधळला. मामंजींचा उजवा हात फाटकाच्या खांबावर होता. एडक्याने डोकं आणून नेमकं तिथंच आदळलं. म्हातारा हात छातीशी धरून मटकन खाली बसला आणि म्हणाला, "पाणी आणा कुणीतरी." एवढंच.

हाड बसवणाऱ्याने अंगठ्याला दोन लाकडी पट्ट्या आवळल्या आणि सांगितलं, "दोन महिने कातर विसरा."

दोन महिने! ऊन यंदा तीन आठवडे आधीच येऊन बसलं होतं. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून भात्यासारख्या धापत होत्या. अंगावरची लोकर उतरवली नाही तर उभ्याउभ्या कोसळतील अशी अवस्था. त्यामुळे मुकादमाने कातरणी अलीकडे ओढली होती. सोळा दिवस उरले होते.

कातरणीच्या शेडमध्ये लांबलचक फळी होती आणि फळीवर सहा जागा. खिडकीपासून तिसरी जागा या घराची. मामंजींची, त्याआधी त्यांच्या बापाची, त्याआधी त्याच्या बापाची. तिथलं लाकूड तीन पिढ्यांच्या टाचांनी आणि लोकरीच्या ओशटपणाने काळंभोर, गुळगुळीत झालेलं. नियम एकच. कातरणीच्या पहिल्या सकाळी जी जागा रिकामी, ती गेली. मुकादम ती दुसऱ्या घराला देणार, आणि एकदा गेलेली जागा परत आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. मुकादमाचा मेहुणा तर अंगठ्याची बातमी कळल्यापासूनच तिसऱ्या जागेकडे बघून पापण्या मिटवायचा विसरला होता.

घरात एकच मुलगा. तो सतराव्या वर्षी एकदा फळीवर बसला होता. पहिल्याच मेंढीच्या सडाला कातर लागली, रक्त आलं, आणि मेंढीच्या आधी हाच आडवा झाला. तेव्हापासून तो लोकरीच्या काट्यावर बसायचा. वजन करायचं, नोंद करायची. गाव त्याला काटेवाला म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, पण जगातली प्रत्येक गोष्ट वहीत रेघा मारून सरळ करता येते असं त्याला मनापासून वाटायचं.

राहिली त्याची बायको. ही सहा फूट उंच, दारातून जाताना मान तिरकी करणारी, म्हणून सगळे तिला शिडी म्हणत. चौदा वर्षं ती फळीखालची लोकर वेचत होती. पुरुष कातरणार आणि ही वाकून त्यांच्या पायांमधून लोकर ओढणार, झटकणार, निवडणार. कुणाची कातर कुठे अडखळली, कुणी एकाच जागी दोनदा कातर फिरवून लोकरीचा भुगा केला, हे तिला लोकर हातात घेतल्याबरोबर कळायचं. अशा भुग्याला तिथे दुबार म्हणत, आणि दुबार काढणाऱ्या कातऱ्याला बरंच काही म्हणत. चौदा वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुला काय वाटतं. लोकर वेचणाऱ्या बाईला वाटतं, हेच कुणाला वाटत नाही.

हाड बसवणारा गेला त्या संध्याकाळी ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "मी बसते फळीवर."

सासूबाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. काटेवाला हसला, मग ती हसत नाही असं पाहून थांबला. मामंजींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. वेळ लागला, कारण अंतर बरंच होतं.

"वाकायला जमेल?" त्यांनी विचारलं.

"चौदा वर्षं वाकूनच आहे."

म्हातारा गालातल्या गालात हसला. "उद्या मुकादमाकडे जाऊ."

मुकादमाने ऐकून घेतलं आणि आपल्या पाच कातऱ्यांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का रे? शिडी लावायची म्हणतात फळीला."

पाचही जण खिंकाळले. फळीवर बाई नको असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ज्या गोष्टी लिहून ठेवाव्या लागत नाहीत, त्याच सगळ्यात घट्ट बसलेल्या असतात.

"नियम सांग," मामंजी म्हणाले. "जागा भरलेली पाहिजे, असाच आहे ना? कुणी भरावी असं आहे का?"

मुकादमाने मान खाजवली. दोघं एका वयाचे, एकाच वर्षी फळीवर बसलेले. "हे बघ, तुझा अंगठा गेला याचं मला वाईट वाटतं. पण मेंढी काही भाजी नाही, चिरली बाईने. पहिल्या सकाळी तीन मेंढ्या देईन. मी निवडीन त्या. पोरं दोन कातरतील तेवढ्यात हिची एक व्हायला पाहिजे. आणि रक्त दिसलं की खाली उतरायचं."

"ठरलं," शिडी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

आता खरी पंचाईत अशी की मेंढी कातरायचा सराव करायचा कशावर? मेंढीच्या अंगावर वर्षातून एकदाच लोकर येते. चुकलं म्हणून पुन्हा चिकटवता येत नाही. घरच्या मेंढ्या मोजून अकरा. म्हणजे अकरा वेळा चुकायची सोय, बस.

काटेवाल्याने रात्रीत तोड काढली. सकाळी अंगणात एक गोणी बसलेली होती. भुस्सा ठासून भरलेला, वर मागच्या वर्षीची लोकर दाभणाने शिवलेली, आणि खडूने आखलेल्या रेघा. पोट, मांडी, मान, कूस, पाठ. प्रत्येक रेघेला आकडा.

"अठ्ठेचाळीस घास," तो म्हणाला. कातरीच्या एका उघडझापीला ते घास म्हणत. "मी सगळ्या कातऱ्यांचे मोजलेत. बाबांचेही. एक ते अठ्ठेचाळीस, याच क्रमाने. रोज शंभर वेळा. हात आपोआप शिकतो."

"आणि ही लोकर कापली की?"

"कापायची नाही. कातर मिटूनच फिरवायची. मी मोजतो."

तो डब्यावर काडीने ताल धरायचा आणि ती गोणीला गुडघ्यात धरून कातर फिरवायची. पहिल्या दिवशी मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले आणि फुटले. तिसऱ्या दिवशी तिची कातर एकपासून अठ्ठेचाळीसपर्यंत अशी वाहिली, की शेजारीण कुंपणावर कोपरं टेकून बघत राहिली. "बाई गं, काय हात चालतोय! डोळे मिटून करशील!"

तिने डोळे मिटून केलं. बिनचूक. काटेवाल्याने वहीत लिहिलं आणि खाली जाड रेघ मारली. सासूबाईंनी दूध जास्त घालून चहा दिला. शिडीला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी पुरुष छाती पुढे काढून चालतात?

मामंजी तीन दिवस ओट्यावर बसून नुसते बघत होते. चौथ्या दिवशी ते उठले आणि डाव्या हाताने एका मेंढीचा कान धरून तिला अंगणात घेऊन आले.

"गोणी बाजूला कर. हिचं पोट काढ."

तिने मेंढीला शिकवल्याप्रमाणे ढुंगणावर बसवलं, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली, डोकं मांडीच्या बाजूला वळवलं आणि कातर लावली. एक, दोन, तीन. चौथ्याला मेंढीने श्वास सोडला आणि पोट आत गेलं. कातर हवेत. पाच. मेंढी वळली. सहा कुठे होता? सहा जिथे होता तिथे आता मांडी होती. तिने पुन्हा एकपासून धरलं. मेंढीने मागचा पाय असा झाडला, की शिडी चारी मुंड्या चीत, कातर कुंपणापाशी, आणि मेंढी पोटाखाली लोकरीची लोंबती झालर घेऊन अंगणभर.

शेजारणीला कुंपण सोडून आत यावं लागलं, इतकी ती हसत होती.

"गोणी लाथ मारत नाही," मामंजी म्हणाले. "श्वासही घेत नाही. तुला गोणी कातरता येते, पोरी. मेंढी नाही."

मग म्हाताऱ्याची तऱ्हा सुरू झाली, आणि त्या तऱ्हेने गाव आठ दिवस हसत ठेवलं. एक अख्खी मेंढी एका दमात कातरायची नाही. आज हिची नुसती मान. मग दुसरीचं पोट. मग तिसरीची मागची मांडी. मग एकदम घरच्या एडक्याची कूस. मग पहिलीकडे परत, पण आता मान नाही, शेपटीपाशी. मध्येच उठवून विहिरीवर पाठवायचे. "दोन घागरी आण." ती आणायची, तोवर हाताची सगळी लय मोडलेली. मग नवीन मेंढी, नवीन जागा.

"आत्ता कुठे मान जमायला लागली होती!" ती एकदा ओरडली. "अजून दोन मानी द्या की!"

"जमायला लागली म्हणूनच काढून घेतली. जमतंय तेव्हा हात झोपतो. मला जागा हात पाहिजे."

"मग सांगा तरी, काय चुकलं ते!"

"तूच सांग."

"मला कळलं असतं तर चुकलं असतं का? तुम्ही सांगा!"

"मी सांगितलं तर मला येईल. मला येतंच."

तिला वाटलं, हातातली कातर म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावी. पण उत्तर मिळेना तसं तिला शोधावं लागायचं. डावा हात कातडी ताणत नाहीये. गुडघा उशिरा सरकतोय. मेंढी अवघडली की लाथ मारायच्या आधी तिच्या पाठीत एक बारीक थरथर येते, ती मांडीला कळते. हे तिने रडत, चिडत, एकेक करून ओळखलं. ती बोलून दाखवायची. मामंजी फक्त "हं" करायचे. बरोबर असलं तरी हं, चूक असलं तरी हं. फक्त एकदाच त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

"कातरीकडे बघू नकोस. स्वतःच्या हाताकडे तर अजिबात नको. लोकर कुठे उघडते तिथे बघ. हात येईल मागून."

शहाण्या लोकांना शिकवायची मोठी हौस असते. शिकणाऱ्याच्या मनगटात काय चाललंय, ते ऐकायची नसते. म्हातारा शहाणा नव्हता, नुसता तरबेज होता. म्हणून त्याला गप्प बसता येत होतं.

अकरा मेंढ्यांची अवस्था मात्र बघण्यासारखी झाली. एकीची मान उघडी, बाकी शाल. दुसरीची एक कूस गुलाबी. एडक्याच्या ढुंगणाला लोकर नाही आणि डोक्यावर फेटा. पाण्यावर निघाल्या की रस्त्यावरची माणसं कामं सोडून उभी राहायची.

"काय हो काटेवाले, उंदीर लागले की काय मेंढ्यांना?"

"नवीन जात आहे, नवीन. हप्त्याहप्त्याने लोकर देते," दुसरा कुणीतरी म्हणायचा.

मुकादमाचा मेहुणा तर मुद्दाम वाट वाकडी करून यायचा. "वहिनी, राहिलेलं आमच्याकडे पाठवा. पूर्ण करून देतो."

"तुमची जीभ आधी कातरू का?" शिडी म्हणायची. "ती अख्खी एका दमात निघेल."

काटेवाला मात्र घरी येऊन जेवायचा नाही. अकरा मेंढ्यांची अख्खी लोकर तुकड्यातुकड्यांत निघत होती. काट्यावर ती चिंध्यांच्या ढिगात जाणार होती, आणि ते वजन त्यालाच करावं लागणार होतं. दहाव्या दिवशी त्याने वही आणून बापासमोर आपटली.

"हे बघा. मी रोज लिहितोय. तिसऱ्या दिवशी गोणीवर बिनचूक. आज जिवंत मेंढीवर सात ठिकाणी दुबार, तीन ठिकाणी कातडी वाचली ती नशिबाने. बाबा, तुमच्या हाताखाली ही पुढे नाही, मागे चाललीय. सहा दिवस राहिलेत!"

मामंजींनी वहीकडे पाहिलं. "रेघा छान मारतोस."

"चेष्टा नका करू!"

"करत नाही. तू आज काय झालं ते लिहितोस. मी सहा दिवसांनी काय होईल ते बघतोय. ते लिहिता येत नाही."

शिडी दाराशी उभी होती. तळहात सोललेले, कमरेत आग. तिने वही उचलून पाहिली. आकडे खोटे नव्हते. तिने कातर खुंटीला लावली आणि म्हणाली, "मला नाही येणार. मुकादमाला सांगून टाका."

तिसऱ्या जागेचं काळं लाकूड सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"बरं," मामंजी म्हणाले. "दोन दिवस कातरीला हात लावू नकोस. मग ठरव."

"दोन दिवस?" काटेवाला ओरडला. "सहातले दोन दिवस नुसते बसून?"

"नुसती कशी बसेल? तुझ्या आईला मदत करेल."

ती जायला निघाली, मग दारातच थांबून तिने विचारलं, "मामंजी, आलं हे कळतं तरी कसं माणसाला?"

म्हाताऱ्याने गाल खाजवला. अंगठा मोडल्यापासून दाढी वाढली होती. न्हाव्याशी वीस वर्षांपूर्वी भांडण झालेलं, डाव्या हाताने जमत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात पातं देण्याइतका माणसांवर विश्वास नाही. चेहरा गवताच्या गंजीसारखा झाला होता. "ज्या दिवशी ही दाढी तुझ्या कातरीखाली देईन," ते म्हणाले, "त्या दिवशी आलं समज."

"मग झालंच," सासूबाई आतून म्हणाल्या. "एवढ्या वर्षांच्या संसारात मला हनुवटीला हात लावू दिला नाही."

दोन दिवस तिने कपडे धुतले, शेण काढलं, सासूबाईंच्या पायाला तेल चोळलं. कातरीचा विचारही करायचा नाही असं ठरवलं. पण लोकर उघडते तशी पांढरी फट तिला भिंतीत दिसायची, दुधाच्या सायीत दिसायची. सासूबाईंची पोटरी चोळताना डाव्या हाताने कातडी आपोआप ताणली जायची.

"अगं शिडे, चोळतेयस का सोलतेयस?" सासूबाई म्हणायच्या.

तिसऱ्या सकाळी मागच्या आवारातून भयंकर ओरडा आला. दोघी धावल्या. काटेरी कुंपणात एक मेंढी अडकली होती. डोकं आणि खांदे कुंपणापलीकडे, धड अलीकडे, आणि मागच्या पायांनी जमीन उकरत ती आणखी आत घुसत होती. न कातरलेली अर्धी लोकर काट्यांत गुरफटली होती. ओढावं तर कातडी फाटेल.

"कातर आणा!" शिडी ओरडली आणि आडवी होऊन कुंपणाखाली सरपटत गेली. सासूबाईंनी कातर तिच्या हातात खुपसली. ती उताणी पडली होती, मेंढी तिच्या वर. तोंडावर माती, कानाशी खूर. एक आकडा नाही, एक रेघ नाही. तिने डाव्या हाताने मानेखालची कातडी ताणली, लोकर उघडली, कातर आत गेली. मेंढी थरथरली. शिडी थांबली. थरथर गेली, पुन्हा कातर. मान, खांदा, बगल, सगळं उलटं, सगळं डोक्यावरून. लोकर काट्यांतच राहिली आणि मेंढी पलीकडे सटकन सुटून, अंग झाडून, काही झालंच नाही अशी चरायला लागली.

शिडी बाहेर आली. केसांत काटे, कोपराला खरचटलेलं.

सासूबाईंनी पलीकडे जाऊन मेंढी तपासली. हात फिरवून फिरवून पाहिली. मग त्या परत आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एक ओरखडा नाही. अगं, तू आत्ता काय केलंस?"

"काय केलं?" ती म्हणाली. मग तिला स्वतःलाच ऐकू आलं, की आपण काय केलं. ती मातीतच बसली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाई आधी घाबरल्या, मग त्याही तिच्याशेजारी बसकण मारून हसायला लागल्या. ओट्यावरून मामंजी विचारत होते, "काय झालं? कोण मेलं?" आणि दोघींना उत्तर देता येत नव्हतं.

दुपारी तिने गंमत म्हणून गोणी गुडघ्यात धरली. सतराव्या घासाला आकडे विसरली. काटेवाल्याने वही उघडली, मिटली, आणि प्रथमच काही लिहिलं नाही.

उरलेल्या दिवसांत अकराही मेंढ्या उतरल्या. तिने कानामागचं, शेपटीचं, खुरांवरचं सगळं झाडून काढलं आणि मेंढ्या पुन्हा मेंढ्यांसारख्या दिसायला लागल्या.

पहिल्या सकाळी शेड खचाखच. बाहेर मोठा कळप धुळीत ओरडत होता, आत पाच कातरे कातरींना तेल देत होते. बाकी गाव दाराशी, खिडकीशी, जमेल तिथे. काटेवाला काट्याजवळ बसला होता आणि वजनाचा दगड उगाच या हातातून त्या हातात करत होता. मामंजी मागच्या भिंतीला टेकून उभे. शिडी तिसऱ्या जागेवर उभी राहिली. लाकूड तळव्यांना गार लागलं. सासऱ्याच्या टाचांनी केलेले दोन खळगे तिच्या पायांना लहान पडत होते. तिने पाय थोडे रुंद ठेवले.

मुकादमाने पहिली मेंढी दिली ती गरीब, म्हातारी, झोपाळू. दाराशी कुजबुज झाली. त्याला दया आली होती की त्याला शिडीला लवकर घरी पाठवायचं होतं, कोण जाणे. बाजूच्या कातऱ्याची दुसरी मेंढी अर्ध्यावर होती, तेव्हा हिची उतरली. लोकर एका पांघरुणासारखी फळीवर पसरली. मुकादमाने ती उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. पुढची मेंढी आणायला वळला.

दुसरी लंगडी. मागचा एक पाय जन्मापासून वाकडा. तिला नेहमीसारखी ढुंगणावर बसवताच येईना, बसवली की कोलमडायची. "असली देतोस?" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. शिडीने क्षणभर पाहिलं, मग तिला कुशीवर घेतलं, आपली एक मांडी तिच्या वाकड्या पायाखाली घातली आणि पाठीपासून सुरुवात केली. शेडमध्ये पाठीपासून कुणी सुरुवात करत नसे. शेजारचा कातरा हातातलं काम थांबवून बघायला लागला.

"थांबू नकोस," ती वर न बघता म्हणाली. "तू थांबलास तर माझी वेळ चुकीची मोजतील."

शेड हसली. या वेळी हसणं तिच्या बाजूचं होतं.

लंगडीही वेळेत उतरली. तिसऱ्यांदा मुकादमाने फाटक उघडलं आणि आत तोच आला. शिंगाळ एडका. मामंजींच्या तोंडून एक शिवी निघाली, सोळा दिवसांतली पहिली, आणि ती इतकी भरगच्च होती की सासूबाईंनी बाहेर समाधानाने मान हलवली. म्हातारा बरा झाला होता.

एडक्याला बसवायलाच तिला घाम फुटला. तिची उंची आज कामाला आली. लांब पायांच्या कात्रीत तिने तो आवळला. पोट निघालं. मांडी निघाली. मानेपाशी त्याच्या पाठीत थरथर उठली, शिडी थांबली, थरथर गेली, कातर पुढे. पण कुशीवर तिचा गुडघा क्षणभर उशिरा सरकला, एडका उसळला आणि कातर एकाच जागी दोनदा फिरली. लोकरीचा बारका भुगा उडाला.

"दुबार!" मेहुणा खिडकीतून ओरडला.

"हो, माझंच आहे," ती म्हणाली. "गुडघा उशिरा आला." आणि हात थांबला नाही.

तिने मामंजींकडे पाहिलं नाही. तिला माहीत होतं तिथून काय येणार. भिंतीपासून आवाज आला, "हं."

पाठ. दुसरी कूस. शेपटी. एडका सुटला. आपलं इतकं लहान झालेलं अंग बघून गांगरला आणि ज्या फाटकातून आला त्याच फाटकातून, कुणालाही न धडकता, शहाण्यासारखा निघून गेला. रक्त कुठेच नव्हतं. बाजूचा कातरा अजून आपल्या दुसऱ्या मेंढीच्या शेपटीपाशी होता.

शिडी सरळ उभी राहिली. कमर कडाडली, ती शेडभर ऐकू गेली.

मुकादमाने एडक्याची लोकर उलटसुलट करून पाहिली. मग त्याने ती काटेवाल्याकडे फेकली. "तोल. तिसऱ्या जागेची म्हणून लिही." आणि फळीकडे वळून, "तोंडं काय बघताय? दोन हजार मेंढ्या उन्हात उभ्या आहेत. अरे हो, लोकर वेचायला कुणीतरी लागेल आता." त्याने खिडकीकडे बोट केलं. "मेहुणे, या. वाका."

काटेवाल्याने काट्यावर लोकर पसरली. अख्खी, एकसंध, शिंगांच्या जागी दोन भोकं असलेली. संध्याकाळी घरी जाताना तो म्हणाला, "गोणी जाळून टाकू का?"

"नको हो. तिच्यामुळेच तर पहिले फोड फुटले. धार लावायला बसायला छान आहे ती."

घरी आल्यावर तिने अंगणात गोणीवर बसून कातर पुसली. तळहात ओशट झालेले, लोकरीच्या तेलाने मऊ पडलेले. सगळ्या अंगाला मेंढीचा वास. पलीकडे कातरलेल्या आयांना कोकरं ओळखत नव्हती, ओरडत होती, हुंगत होती, मग ओळखत होती.

मामंजी ओट्यावरून उतरले. सावकाश अंगणात आले. तिच्यासमोर पाठ करून जमिनीवर बसले आणि आपली पाठ तिच्या गुडघ्यांना टेकवली. डोकं मागे, तिच्या मांडीच्या बाजूला वळवलं. गंजीसारखी दाढी वर आली. पट्ट्या बांधलेला अंगठा त्यांनी छातीशी धरला.

सासूबाई दारातच थबकल्या. काटेवाल्याच्या हातून वही पडली.

"चल," म्हातारा डोळे मिटून म्हणाला. "पण सांगून ठेवतो, मी लाथ मारीन."

शिडीने डाव्या हाताने त्यांचा गाल ताणला आणि कातर उघडली.